आठ बाय दहाचा बांध

माझ्या सासऱ्यांनी चित्रातल्या सऱ्या मोजल्या, तिथून हे सगळं सुरू झालं. चित्रातल्या सऱ्या कुणी मोजतं का? लोक रंग बघतात, सोफ्याच्या मागे शोभेल का ते बघतात, फार तर किंमत बघून नाक मुरडतात. पण तळवड्यातल्या जुन्या शेतकऱ्याच्या घरात सून म्हणून यावं आणि चित्रात मळा काढावा, तर मोजणीची तयारी ठेवावी, एवढं मी आता अनुभवानं सांगू शकते.

मी प्राजक्ता. माहेर चिंचवडचं. लेबलं आणि खोकी डिझाइन करणाऱ्या एका ऑफिसात सहा वर्षं काढली, तिथल्या साहेबाशी पटेना म्हणून सोडलं, आणि आता घरीच टॅब्लेटवर चित्रं काढून ऑनलाइन विकते. गिऱ्हाईक चित्र आणि साइज निवडतं, मी भोसरीतल्या एका प्रेसमधून त्या साइजचा प्रिंट काढून आणते, पुठ्ठ्यात बांधते आणि कुरिअरला देते. नवरा शेखर चाकणला कंपनीत आहे. त्याची शिफ्ट दर आठवड्याला बदलते, त्यामुळे तो घरात असला तरी झोपलेलाच असतो. जागी माणसं तीन. मी, सासूबाई छबूबाई आणि सासरे सोपानराव. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे सासूबाईंना मी आत्या म्हणते आणि सासऱ्यांना मामा.

मळ्याचं चित्र खरं तर मामांचंच. हात माझा, बाकी सगळं त्यांचं. तो मळा आता नाही. चोवीस वर्षांपूर्वी जमीन संपादनात गेला आणि आज तिथं एका कंपनीचं दुचाकी पार्किंग आहे. मामा त्या रस्त्यानं जातात तेव्हा मान दुसरीकडं करतात. पण मागच्या हिवाळ्यात एकदा माझ्या टेबलापाशी प्लास्टिकची खुर्ची ओढून बसले आणि आपला मळा काढता येईल का म्हणून विचारलं. मग पंधरा दिवस रोज सकाळी अकराला त्यांची हजेरी. डाव्या कोपऱ्यात विहीर, विहिरीवर मोटार, मोटारीवर पत्र्याची टोपी. विहिरीपासून उजवीकडं बटाट्याच्या अठरा सऱ्या, सऱ्यांवर जांभळट पांढरी फुलं. अठराव्या सरीनंतर बांध आणि बांधावर हद्दीचा दगड. दगड मी राखाडी काढला होता, तर म्हणाले, चुना लाव त्याला. बांधावरचं गवत एक साल आमी कापायचो, एक साल त्यांनी, असंही बोलता बोलता सांगून गेले. 'त्यांनी' म्हणजे कुणी, हे मी विचारलं नाही. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, मला ठाऊक होतं.

बांधापलीकडचा मळा मामांच्या थोरल्या चुलत भावाचा, उद्धवरावांचा. लहानपणी दोघं एका ताटात जेवायचे म्हणे. एकतीस वर्षांपूर्वी मामांचा पाय मोडला आणि चार महिने ते दवाखान्यात होते. रान पडीक राहिलं. परत येऊन बघतात तर बांध आत आलेला. शेजाऱ्याचा बांध कोरून थोडं थोडं रान आपल्यात घेणं ही काही कुठल्या गावाला नवी गोष्ट नाही, पण सख्ख्यासारख्या भावानं करावं? मामांनी पंच बसवले आणि सांगितलं, दादानं माझ्या दोन सऱ्या खाल्ल्या. उद्धवरावांनी देवळात भंडारा उचलला आणि बांधाला हात लावला नाही म्हणून शपथ घेतली. भंडाऱ्यापुढं कोण बोलणार? गावाच्या लेखी सोपानराव खोटे ठरले. आत्या म्हणतात, पुढं जमीन गेली तेव्हाही मामा एवढे खचले नव्हते, जेवढे त्या दिवशी देवळातून घरी येताना खचले होते.

नंतर दोघांचीही जमीन गेली, दोघांनाही मोबदला मिळाला, उद्धवराव मुलाबरोबर सांगवीला फ्लॅटमध्ये राहायला गेले. भांडण्यासारखं काहीच उरलं नाही. पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. आमच्या घरात त्यांचं नाव घेत नाहीत. अगदीच वेळ आली तर 'सांगवीवाले' म्हणतात.

आता माझी चूक सांगते. मोठं चित्र लहान करता येतं, लहान मोठं केलं की विरलेल्या कापडासारखं दिसतं, म्हणून मी मळा छत्तीस बाय चोवीस इंचांचा काढला होता. त्यातून अठरा बाय बारा, बारा बाय आठ ही मापं सरळ निघतात. अडतं ते आठ बाय दहाला. तयार फ्रेम बाजारात बहुतेक त्याच मापाची मिळते, आणि लोक आधी फ्रेम घेतात आणि मग तिच्यात घालायला चित्र शोधतात. चित्राची उंची आठ धरली तर रुंदी बारा येते. फ्रेममध्ये जागा दहाचीच. म्हणजे एकच सतरंजी वेगवेगळ्या खोल्यांत अंथरायची आणि कुठंही घडी दिसू द्यायची नाही, असला हा धंदा. डावीकडून दोन इंच कापावेत तर विहीर जाते. उजवीकडून कापावेत तर बांध जातो. दाबून बसवावं तर विहीर अंड्यासारखी दिसते.

मी सोपा उपाय केला. बांध आणि दगड मी वेगळ्या लेअरवर काढले होते, म्हणजे काचेवर काढून चित्रावर ठेवावेत तसे ते सुटे होते. ते उचलले, दोन इंच आत सरकवले, पलीकडचं उरलेलं कापून टाकलं. पाच मिनिटांत काम झालं. छान दिसत होतं. बांधाच्या पायथ्याशी ऐटीत सही केली आणि साइटवर टाकलं.

मळ्याची पहिली ऑर्डर आली तीही नेमकी आठ बाय दहाची. नाव विजयश्री, पत्ता सांगवीचा, आडनाव आमचंच. पण आमच्या आडनावाची माणसं इथून चाकणपर्यंत खंडीभर आहेत. मी विचारही केला नाही. प्रिंट पाठवून दिला.

पुढच्या आठवड्यात मी सगळ्या साइजचे नमुने छापून आणले आणि दिवाणावर मांडले. गिऱ्हाइकाला मापांचा अंदाज यावा म्हणून सगळ्यांचा एकत्र फोटो घ्यायचा होता. मामा चहाचा कप घेऊन आले. चष्मा लावला. सगळ्यात मोठ्या प्रिंटवर बोट ठेवून डावीकडून उजवीकडं नेलं, ओठ हलत होते. मग मधल्यावर, मग लहानावर. मला वाटलं, कौतुक चाललंय.

"ह्यात पंधराच हायेत," ते आठ बाय दहावर बोट ठेवून म्हणाले.

मी समजावून सांगितलं. फ्रेम, बारा इंच, दहा इंच, लेअर, सगळं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, समजलंही त्यांना, कारण समजल्यावरच ते म्हणाले, "म्हंजी बांध कोरलास तू."

मी हसले. हसायला नको होतं. त्यांनी कप खाली ठेवला आणि हे माप कुणाला गेलंय का म्हणून विचारलं. मी नाव सांगितलं. स्वयंपाकघरातून आत्या बाहेर आल्या. भावकीतलं बाळ कुठल्या वारी जन्मलं इथपर्यंत त्यांना पाठ असतं. विजयश्री म्हणजे सांगवीवाल्यांची नात, त्या म्हणाल्या.

"माझ्या घरातनं," मामा म्हणाले, "माझ्या सुनंच्या सहीनं खोटा बांध त्याच्या घरात गेला. एकदा गावानं खोटं पाडलं. आता घरानं पाडलं."

तो प्रिंट परत आण, एवढंच त्यांनी सांगितलं. प्लास्टिकची खुर्ची उचलून गॅलरीत नेली. दुसऱ्या दिवशी अकरा वाजले, ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. मला फार लागलं ते. माहेरी वडील लवकर गेले. माझ्या शेजारी बसून माझं काम बघणारा पहिला माणूस म्हणजे मामा, आणि मी त्यांच्या सगळ्यात दुखऱ्या जागेवर पाय दिला होता, तोही दोन इंच वाचवायला. शेखर म्हणाला, दुसरा प्रिंट कुरिअरनं पाठव आणि विसर, बांधाच्या भानगडीत शहाण्यानं पडू नये. मी म्हटलं, मी पडलेली नाही, मी तो काढलाय.

फाइल पुन्हा केली. सऱ्या जरा बारीक केल्या, तशा दहा इंचांतही अठरा बसल्या. आधीच एवढे कष्ट घेतले असते तर. भोसरीतून प्रिंट आणला, विजयश्रीला फोन करून सांगितलं की आधीच्या चित्रात चूक आहे, बदलून देते. ती मोकळी मुलगी. म्हणाली, शनिवारी दुपारी या, चित्र आजोबांच्या खोलीत लावलंय, मी क्लासला असेन पण आई असेल. मी कोण, हे तिला ठाऊक नव्हतं आणि मी सांगितलं नाही.

स्कूटरवरून सांगवीला पोचेपर्यंत मी दहा वाक्यं जुळवली आणि दहाही मोडली. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. विजयश्रीच्या आईनं चहा दिला आणि आत नेऊन बसवलं. पलंगावर उशीला टेकून उद्धवराव बसले होते. ब्याऐंशी वर्षांचे, अंगानं वाळलेले, पण कपाळ आणि नाक थेट मामांचं. समोरच्या भिंतीवर, खिडकी आणि औषधांचं कपाट यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत, माझा मळा. तिथं आठ बाय दहाच बसला असता.

मी कागद कसा चांगला आहे, फ्रेम कशी शोभतेय, असलं काहीबाही बोलत बसले. ताकाला जाऊन भांडं लपवणं कशाला म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं. विजयश्रीची आई कप घेऊन बाहेर गेल्यावर ते म्हणाले, "सही बघितली मी, आडनाव आपलंच, आन् मळा तर वळखीचा. सोपानची सून ना तू?"

मी हो म्हटलं. पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि हात तसाच ठेवून चित्राकडं बघत राहिले.

"पंधरा काढायला त्यानंच सांगितलं ना? मोजल्या मी. रोज मोजतो. तो दवाखान्यात व्हता, रान पडीक व्हतं. मी दगड उपसला आन् तीन सऱ्या आत नेऊन रोवला. वर भंडारा उचलला. एकतीस वर्सं झाली, बायकोलाबी बोललो न्हाई. आन् त्यानं बरुबर तीनच कमी करायला लावल्या."

माझ्या पिशवीत अठरा सऱ्यांचा प्रिंट होता. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण एकतीस वर्षं खवखवणारा माणूस मी पहिल्यांदा बघत होते. गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण त्या घरात आधीच एक खोटं बरीच वर्षं नांदत होतं, त्याला माझी जोड कशाला?

"थोरले मामा, त्यांनी काही सांगितलेलं नाही. ती माझी चूक आहे. कागदात चित्र बसेना, म्हणून मी बांध आत सरकवला."

ते माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांचं पोट हलायला लागलं. आवाज न करता हसत होते.

"मंग माझं तरी काय येगळं व्हतं? वळताना औत रानात बसंना, म्हणून सरकवला," ते म्हणाले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले.

मी नवा प्रिंट दाखवला. त्यांनी तो नीट बघितला, मोजला, आणि परत दिला. भिंतीवरचा मात्र देईनात. तो हितंच ऱ्हाणार, म्हणाले, तेवढं एकच खरं हाय ह्या घरात. जाताना एवढंच सांगितलं की मी बोललो ते सोपानला सांग, कायबी न गाळता.

घरी आले तेव्हा मामा गॅलरीतच होते. त्यांनी माझ्या हातातल्या पिशवीकडं बघितलं आणि आणलास का म्हणून विचारलं. मी नाही म्हटलं. त्यांनी तोंड फिरवलं. मग मी खाली फरशीवरच बसले आणि सगळं सांगितलं. दगड उपसल्याचं, भंडाऱ्याचं, औत वळवण्याचं. आत्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. मामांना आनंद होईल असं मला वाटलं होतं. एकतीस वर्षांनी माणूस खरा ठरला होता. पण त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"किती म्हणाला?"

"तीन."

"दोन. पंचांपुढं मी दोन म्हणलो व्हतो."

मी पुन्हा सांगितलं, तीन म्हणाले, दोनदा म्हणाले. मामा बोटांवर काहीतरी मोजायला लागले. मग हळूहळू त्यांच्या लक्षात आलं. दवाखान्यातून आल्यावर त्या साली त्यांनी उरलेल्या रानात सऱ्या दाटून पाडल्या होत्या, त्यामुळे पंधराच्या जागी सोळा बसल्या. सोळा बसल्या म्हणून दोन गेल्या असं धरलं, आणि पुढं आयुष्यभर दोनच धरून बसले. मी दहा इंचांत अठरा बसवल्या तसंच ते. पण हे मी त्यांना बोलून दाखवलं नाही. एका दिवसात एकाच घरातल्या किती जणांच्या चुका काढायच्या!

"म्हंजी त्यानं मनानं सांगितलं म्हून कळलं," ते म्हणाले. "न्हाईतर तिसरी मला ठावंबी नव्हती." मग माझ्याकडं हात केला. "फोन लाव."

विजयश्रीचा नंबर ऑर्डरमध्ये होता. ती क्लासवरून आलेली होती. तिनं फोन आजोबांकडं नेला. मी मामांच्या हातात दिला. त्यांनी तो कानाला उलटा लावला, मी सरळ करून दिला.

"दादा, सोपान बोलतोय."

नंतर बराच वेळ ते नुसतेच ऐकत होते. पलीकडून काय बोलणं चाललंय ते कळत नव्हतं, आवाज मात्र तुटक येत होता. मामांनी दोन वेळा 'ऱ्हाऊ दे' म्हटलं, एक वेळ 'व्हय, सांगितलं तिनं' म्हटलं. आत्यांनी पदर तोंडाला लावला होता.

"आता माझं आइक," मामा शेवटी म्हणाले. "मी दोन म्हणलो व्हतो. दोनच माझ्या. तिसरी मला ठावं नव्हती, तू सांगितलीस. ती तुझी. मी दिली तुला."

पार्किंगच्या फरशीखाली गेलेली सरी ती. पण मामांनी ती अशी दिली, की मला तिथं उभं राहवेना. मी आत जाऊन नळ सोडून तोंड धुतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता खुर्चीचे पाय फरशीवर घासत आल्याचा आवाज झाला. मामा शेजारी येऊन बसले, चष्मा पुसला आणि मळा उघडायला सांगितला. मी मोठी फाइल उघडली.

"अठरा नको. सतरा कर," ते म्हणाले.

कुठल्या साइजमध्ये, मी विचारलं. समद्या, ते म्हणाले. मी सांगून बघितलं की चार फाइली आहेत, प्रत्येकीचं माप वेगळं, पुन्हा सगळं जुळवावं लागेल, आणि बांध आत घेतला तर पलीकडं जागा उरेल ती मोकळी दिसेल.

"मोकळी कशापायी? बांधाच्या पल्याड एक सरी घे. फुलं आपल्यासारखीच काढ. त्यानंबी बटाटाच लावला व्हता."

मी कुरकुर केली, कारण कुरकुर केल्याशिवाय मला काम जमत नाही. मग दगडाचा लेअर निवडला, बांधासकट उचलला, आणि मामांच्या देखत एक सरी आत आणून ठेवला.